कोणत्या नावाखाली शोधायचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीती या विषयाचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. एकूण तास ३०, घटक ६. शेवटच्या घटकाला ७ तास आहेत. त्यांतले ४ डेटाबेससाठी आणि ३ संशोधनाच्या मोजमापासाठी. डेटाबेसच्या ४ तासांत निर्देशसूची कोणत्या, उद्धरणे मोजणाऱ्या संस्था कोणत्या, वेब ऑफ सायन्स म्हणजे काय, स्कोपस म्हणजे काय, हे सांगायचे. मोजमापाच्या ३ तासांत इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स आणि त्यांची भावंडे. शब्द कसा निवडायचा, सापडले नाही तर काय करायचे, जे सापडले ते कोणी कशासाठी नोंदवून ठेवले होते, यांविषयी त्या आराखड्यात एक ओळ नाही. संशोधकाची पत कशी मोजावी याला ३ तास आहेत. त्याने शोधावे कसे, हा प्रश्न अभ्यासक्रम करणाऱ्यांना पडलेलाच दिसत नाही.

तो त्यांना का पडला नसावा, याचा मी विचार केला. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या प्राध्यापक, वकील, कारकून होऊन गेले, त्यांना शोधणे कोणी शिकवावे लागत नाही. दिवाणखान्यात बसलेला काका सांगतो, अमक्या ग्रंथालयात जा, तमक्याला माझे नाव सांग, गॅझेटियर पाहा, विधिमंडळाच्या चर्चेचे खंड पाहा. ही विद्या वारशाने येते, म्हणून ती विद्या आहे हेच त्यांच्या लक्षात येत नाही. जिचा बाप ऊसतोडीला जातो त्या मुलीला हे कोण सांगणार? तिच्यासाठी ते ४ तास होते. त्या तासांत तिला स्कोपसची पाटी दाखवली जाते.

महाविद्यालयातील नोकरी संपल्यावर एका विद्यापीठात हे तास घेण्यासाठी मला बोलावणे येऊ लागले. पहिल्याच वर्षी एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली. म्हणाली, ‘सर, माझ्या विषयावर काही साहित्यच उपलब्ध नाही.’ हे वाक्य मी इतक्या आराखड्यांत वाचले आहे की ते छापील नमुन्यातच असते की काय, अशी मला शंका येते. ‘प्रस्तुत विषयावर आजवर संशोधन झालेले नाही.’ लिहिणाऱ्याला यात अभिमान वाटतो. मला भीती वाटते. कारण त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की, त्याने हाक मारली ती ज्याचे नाव नव्हते त्याला.

तिचा विषय होता, कंपनी सरकारच्या फौजेतील दलित सैनिक. तिने ‘दलित सैनिक’ हे शब्द इंग्रजीतून आणि मराठीतून टाकून पाहिले होते. हाती आले ते सगळे अलीकडचे, आणि बहुतेक १ जानेवारी १८१८ च्या भीमा कोरेगावच्या लढाईविषयीचे. त्या लढाईत जे लढले त्यांना १८१८ साली कोणी दलित म्हणत नव्हते, हे मी तिला सांगितले तेव्हा ती हसली. तिला ते ठाऊक होते. ठाऊक असणे आणि शोधाच्या चौकटीत बोटांना ते आठवणे, यांत मात्र अंतर असते. आम्ही दोघे संगणकासमोर बसलो. ‘महार’ हा शब्द घातला तेव्हा १९४१ ची महार रेजिमेंट आली, १९१७ ची १११ वी महार पलटण आली, गोपाळबाबा वलंगकरांचा १८९४ चा अर्ज आणि शिवराम जानबा कांबळे यांचा १९१० चा अर्ज यांविषयीचे लेखन आले. हे दोन्ही अर्ज महारांची लष्करभरती बंद झाली म्हणून केलेले. पण त्याच्या मागे जाता येईना. कंपनीच्या फौजेच्या काळात शिरायला दारच नाही, असे तिला वाटू लागले.

दार होते. मुंबई फौजेच्या जुन्या कागदांत महार शिपायांना ‘परवारी’ म्हणत. हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. तिच्या आजोबांनीही ऐकला नसावा. आणि तो शब्द इंग्रज कारकुनांनी कानाला आला तसा लिहिला. पहिल्या अक्षरानंतर कधी ‘ए’ कधी ‘यू’, शेवटी कधी ‘आय’, कधी दोन ‘ई’, कधी ‘वाय’, एक ‘आर’ की दोन याचाही नेम नाही. यंत्राला ही सगळी रूपे एकच आहेत हे कळत नाही. जुन्या छापील पानांची यंत्राने केलेली अक्षरओळख चुकते ती वेगळीच. मी तिला सांगितले की, वहीचे एक पान घे आणि या शब्दाची जितकी रूपे सुचतील तितकी लिही. मग एकेक टाक, नंतर ‘किंवा’ने जोडून टाक. चार दिवसांनी ती आली तेव्हा वहीची अकरा पाने भरली होती. त्या पानांवर पलटणींची नावे होती, पेन्शनीचे वाद होते, आणि जातीवरून शिपाई घ्यावेत की नाही यावर गोऱ्या अधिकाऱ्यांची आपसांतली भांडणे होती. ‘साहित्य उपलब्ध नाही’ हे वाक्य तिने स्वतःच खोडले.

आता यात मी तिला काय शिकवले? यंत्र चालवणे तिला माझ्यापेक्षा चांगले येत होते. तिला हवा होता तो नावांचा इतिहास. आणि आपल्या नावांचा इतिहास म्हणजे दुसऱ्यांनी आपल्याला काय काय म्हटले, त्याचा इतिहास. जोतीराव फुल्यांच्या लेखनात अतिशूद्र. मुक्ता साळवेने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला तो मांग-महारांच्या दुःखाविषयी, तो पाहायचा तर मिशनऱ्यांच्या नियतकालिकांत जावे लागते, ‘दलित स्त्रियांचे लेखन’ या शीर्षकाखाली त्या काळची कोणतीच यादी तो दाखवणार नाही. वलंगकरांच्या मंडळीच्या नावात ‘अनार्य’ हा शब्द आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, त्याचे मराठी नाव ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’. किसन फागू बनसोडे यांनी नागपुरात १९१० साली पत्र काढले, त्याचेही नाव ‘निराश्रित हिंद नागरिक’. आज ‘निराश्रित’ म्हणून शोधा. फाळणीनंतरच्या छावण्या येतील, विधवांच्या पेन्शन योजना येतील, आपण येणार नाही. मग बहिष्कृत. मग १९३१ च्या जनगणनेत हटनसाहेबाने वापरलेला ‘एक्स्टीरियर कास्ट्स’ हा शब्द, म्हणजे वेशीबाहेरचेपण थेट इंग्रजीत. १९३५ च्या कायद्याने अनुसूचित जाती. त्याच दशकात गांधीजींनी रूढ केलेला हरिजन. तो वापरू नये असे केंद्र सरकारला १९८२ साली राज्यांना कळवावे लागले. दलित हा शब्द चळवळीचा म्हणून घरोघर पोहोचला तो १९७२ च्या दलित पँथरनंतर. आणि २०१८ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सूचना पाठवली की, हा शब्द टाळा, घटनेतला शब्द वापरा.

म्हणजे आपले कागद हरवलेले नाहीत. ते दहा-बारा नावांच्या खणांत विखुरलेले आहेत, आणि प्रत्येक खणावरची चिठ्ठी बहुधा दुसऱ्याच्या हाताची आहे.

खण आणि चिठ्ठी हे शब्द मी उगाच वापरत नाही. एम.ए.ला असताना एका मोठ्या ग्रंथालयात मी प्रथम कार्डांचे कपाट पाहिले. पितळी कड्यांचे लहान लहान खण, आत दोऱ्याने ओवल्यासारखी कार्डे. कपाटांपर्यंत जाण्याची विद्यार्थ्यांना मुभा नव्हती; कार्डावरचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून खिडकीत द्यायचा. मी ‘अस्पृश्य’चा खण ओढला. एकच कार्ड होते. त्यावर लिहिले होते : पहा, हरिजन. ‘हरिजन’च्या खणात गेलो तर तेथे गांधीजींचे कार्य, ठक्करबाप्पांचे कार्य, आश्रमांचे अहवाल. बाबासाहेबांचा १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ तेथे नव्हता. पुढे काही महिन्यांनी तो मला ‘हिंदुधर्म : सुधारणा’ या खणात योगायोगाने सापडला. ज्याने ते कार्ड लावले त्याच्या मनात द्वेष असेल असे मी म्हणत नाही. त्याला ते सहज सुचले, एवढेच. सहज सुचण्यातच समाजाची वर्गवारी असते. त्या दिवशी खिडकीतल्या गृहस्थाने चिठ्ठीवरचे माझे आडनाव वाचून माझ्याकडे पाहिले, ती गोष्ट मी कधीच मागे टाकली. कार्डावरचा ‘पहा’ मात्र अजून टोचतो.

वर्गीकरण निरागस नसते, हे आपल्या आधी अमेरिकेतील काळ्या ग्रंथपालांना कळले. डोरोथी पोर्टर १९३० पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्या लोकांविषयीचा ग्रंथसंग्रह सांभाळत होत्या. ड्युईच्या दशांश पद्धतीने चालणाऱ्या ग्रंथालयांत त्या काळी काळ्या लेखकाचे पुस्तक कोठे ठेवत? ३२५ मध्ये, म्हणजे वसाहती आणि स्थलांतर. नाहीतर ३२६ मध्ये, म्हणजे गुलामगिरी. कवितासंग्रह असला तरी! पोर्टरबाईंनी ते मानले नाही. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात, असा संग्रह त्यांनी नव्याने लावला. याच ड्युईने १८७६ मध्ये आखलेल्या चौकटीत धर्मासाठी शंभर क्रमांक आहेत. त्यांपैकी २२० पासून २८९ पर्यंतचे ख्रिस्ती धर्माला गेले आणि उरलेल्या जगाची सोय २९० च्या घरात झाली. बुद्ध तेथे २९४.३ वर बसला आहे, हिंदुधर्माच्या शेजारच्या खोलीत. १९५६ नंतर नागपूरच्या दीक्षाभूमीविषयीचे पुस्तक या दोन खोल्यांपैकी कोणत्या खोलीत ठेवायचे, की राजकारणात, की समाजशास्त्रात, यावर आपल्या जिल्हा ग्रंथालयांत एकमत नाही, हे मी फिरून पाहिले आहे.

१९७१ मध्ये सॅनफर्ड बर्मन या ग्रंथपालाने लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांतील पूर्वग्रहांवर पुस्तकच लिहिले. अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ग्रंथालयात शोध घेताना एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांत ‘इल्लीगल एलियन्स’ हे शीर्षक खुपले. तिने आणि तिच्या मित्रांनी २०१४ पासून ते बदलण्याची मागणी लावून धरली. लायब्ररीने २०१६ मध्ये मान्य केले, संसदेतील काही सभासदांनी अडवले, आणि शीर्षक २०२१ मध्ये बदलले. पुस्तक कसे शोधायचे, हे शिकताना त्या मुलीने कपाटालाच प्रश्न विचारला. शिकवण्याची ही कसोटी मला मान्य आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने २०१५ मध्ये माहिती-साक्षरतेचा जो नवा आराखडा केला, त्यात अधिकार हा संदर्भाने घडवला जातो, अमुक एक स्रोत स्वभावतःच प्रमाण नसतो, असे विद्यार्थ्याला शिकवावे असे म्हटले आहे. विचार चांगला आहे. पण माझी एक तक्रार आहे. तो आराखडा गृहीत धरतो की, विद्यार्थ्याला प्रमाण स्रोतांवर आधी विश्वास आहे आणि त्याला थोडी शंका घ्यायला शिकवायची आहे. आपल्या मुलांना शंका जन्मतःच मिळालेली असते. छापलेले सगळे त्यांचेच, हे तिला आठव्या वर्षी कळते. तिला शिकवायचे ते हे की, त्यांच्याच कागदांतून आपले काम काढता येते.

बाबासाहेबांनी हेच केले. त्यांच्या अठरा-अठरा तास अभ्यासाची गोष्ट आपण दरवर्षी १४ एप्रिलला सांगतो. ते अठरा तास ते काय शोधत होते आणि कसे, हे सांगत नाही. ‘द अनटचेबल्स’ उघडून पाहा. १९११ च्या जनगणनेसाठी आयुक्ताने शंभर टक्के हिंदू कोण आणि नाही कोण, हे ठरवण्याच्या दहा कसोट्या काढल्या होत्या. सरकारने मोजणीच्या सोयीसाठी केलेली ही यादी. बाबासाहेबांनी ती उचलली आणि अस्पृश्यांच्या वेगळेपणाचा पुरावा म्हणून मांडली. तो कागद कोणाही पंडिताला मिळत होता. शोधणाऱ्याचा प्रश्न निराळा होता म्हणून त्याला तो दिसला.

आकड्यांचेही तसेच आहे, आणि येथे चूक केली तर चळवळीचे नुकसान होते. एका विद्यार्थ्याने प्रबंधात लिहिले होते की, महाराष्ट्रात १९८१ ते १९९१ या दहा वर्षांत अनुसूचित जातींची लोकसंख्या झपाट्याने वाढली. आकडे बरोबर होते : १९८१ ला सुमारे ७ टक्के, १९९१ ला सुमारे ११ टक्के. निष्कर्ष मात्र हास्यास्पद होता. १९५६ नंतर जे बौद्ध झाले, त्यांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातींचे स्थान १९९० पर्यंत नव्हते. त्यामुळे जनगणनेत ते त्या रकान्यात आलेच नाहीत. १९९० मध्ये आदेश दुरुस्त झाला आणि पुढल्या मोजणीत ते आले. माणसे तीच, रकाना बदलला. हे न कळता तो प्रबंध कोणा वर्तमानपत्राच्या हाती लागला असता तर मथळा काय झाला असता, याची कल्पना करा.

आता आपल्या लोकांविषयीही बोलले पाहिजे. मी हा विषय काढला की आपल्यातले काही लेखक नाक मुरडतात. म्हणतात, हे ग्रंथपालांचे तांत्रिक काम. आपले साहित्य अनुभवातून येते, सूचीतून नव्हे. अनुभवाच्या प्रामाणिकतेला मीही मानतो. परंतु दलित साहित्यावरचे प्रबंध काढून पाहा. बहुतेकांचा पहिला अध्याय १९५८ च्या मुंबईच्या संमेलनापासून सुरू होतो, पुढे त्याच कथा, तीच आत्मकथने, तेच समीक्षक, आणि शेवटी तीच संदर्भयादी, तिच्यातल्या मुद्रणदोषांसकट. एकाने दुसऱ्याची यादी उतरवली, दुसऱ्याने तिसऱ्याची. बनसोड्यांचे पत्र, ‘जनता’चे अंक, तालुक्याच्या गावी निघून दोन अंकांत बंद पडलेली अनियतकालिके यांच्यापर्यंत कोणी गेलेच नाही. हा अनुभवाचा प्रश्न नाही, आळसाचा आहे. आणि आळस जातीने वाटलेला नसतो.

यंत्राने त्यात भर घातली आहे. गेल्या वर्षी एका मुलाने मला संदर्भयादी दाखवली. ती त्याने प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या यंत्राकडून करून घेतली होती. यादीतली दोन पुस्तके कोणी लिहिलेलीच नव्हती. नावे मात्र अशी झोकदार की वाचावीशी वाटावीत. मी रागावलो नाही. दोन्ही पुस्तके ग्रंथालयातून घेऊन ये, एवढेच म्हटले. दोन दिवस हिंडून आला आणि त्या दोन दिवसांत सूची पाहायला शिकला.

शोधगंगेविषयी एक सांगितले पाहिजे, कारण विद्यार्थी तेथेच आधी जातात. आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधांची विद्युत् प्रत देणे बंधनकारक झाले आणि देशभरचे प्रबंध त्या संग्रहात जमू लागले. फार मोठी सोय झाली. पण मराठी प्रबंधांपैकी पुष्कळसे युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टंकलेले, काही नुसती पानांची छायाचित्रे. डोळ्यांना ‘बहिष्कृत’ दिसते, यंत्राला तेथे रोमन अक्षरांचा गुंता दिसतो. म्हणून आतील शब्दाने शोधले तर ते प्रबंध हाती लागत नाहीत. शीर्षकाने, मार्गदर्शकाच्या नावाने, विभागाच्या नावाने चाळावे लागते. वर्गात मी हे करवून घेतो. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ ही तीन अक्षरेही शिकवतो. तिसऱ्यापासून जपून राहा, असे सांगतो. एका स्वाभिमानी मुलाने ‘नॉट हरिजन’ असे घातले होते. त्याचा संताप मला समजतो, पण त्या एका शब्दासरशी पन्नास वर्षांचे कागद त्याच्यापुढून निघून गेले.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली. दलित नियतकालिकांतील लेखांची अशी सूची आपण अजून केलेली नाही. जे लेख आपल्याच अंकांत आले, तेही आपल्याला शोधता येत नाहीत. त्या परवारी सैनिकांच्या मुलीला मी हे बोलून दाखवले तेव्हा तिने स्वतःहून एका जुन्या त्रैमासिकाचे अंक मागून नेले. आता ती कार्डे करते आहे; संगणकावर नव्हे, आधी कागदी, कारण तिच्या खेड्यात वीज दुपारी जाते. कार्डावर लेखक, शीर्षक, वर्ष, पान, आणि त्याखाली दोन ओळी : त्या वेळचे नाव, आजचे नाव. परवा ती पस्तीसेक कार्डे घेऊन आली होती. एका लेखाच्या कार्डावर ‘त्या वेळचे नाव’ या ओळीपुढे जागा कोरी होती. लेखात शब्द हरिजन होता आणि तिला तो स्वतःच्या हाताने लिहायचा नव्हता. मी म्हटले, लिही, नाहीतर उद्या कोणाला हा लेख मिळणार नाही. ती म्हणाली, ‘सर, मग ‘पहा’ लिहू का? हरिजन, पहा दलित?’

कार्ड अजून माझ्या टेबलावर आहे.